चित्त्याकडे राहिलेली सावली

एका राज्यात भानुकेत नावाचा राजा होता. राज्यात काय नव्हते? नदी होती, नदीला डोह होते, डोहांत पाणमांजरे होती. माळ होता, माळावर गवत होते, गवतात काळवीट होते. काळविटांमागे लांडगे होते आणि लांडग्यांनाही मागे टाकतील असे चित्ते होते. डोंगराच्या कुशीत देवराई होती, तिथल्या झाडांना कुऱ्हाडीची ओळख नव्हती. सगळे होते. त्या होत्याचे नव्हते कसे झाले, त्याची ही गोष्ट आहे.

राजा दुष्ट नव्हता. दुष्ट राजाच्या गोष्टी सोप्या असतात, कुणीतरी शूर येतो आणि त्याचे डोके उडवतो. भानुकेत भला होता, दानी होता, सुवेला नावाच्या आपल्या एकुलत्या लेकीवर जीव टाकणारा होता. त्याचे एवढेच होते की त्याला गोड ऐकायची सवय होती, आणि गोड बोलायला त्याने माणूस ठेवला होता.

त्याचे असे की, राजाच्या कानी अशुभ शब्द पडू नये ही त्या गादीची रीत. तिथे मेले म्हणायचे नाही, फुटले म्हणायचे नाही, विझले म्हणायचे नाही. 'संपले' हा शब्द तर राजवाड्याच्या उंबऱ्याआत आणायचाच नाही. सिंहासनावर बसून जो राजा 'संपले' म्हणेल, त्याचे राज्य त्याच घटकेला बुडेल, असे पूर्वज सांगून गेले होते. म्हणून दरबारात मधुभट नावाचा मंगलवक्ता होता. बातमी कुठलीही असो, ती मधुभटाच्या तोंडून धुऊन-पुसून राजापुढे जायची. हत्ती मेला तर मधुभट म्हणे, हत्ती विसावला. किल्ला शत्रूने घेतला तर म्हणे, किल्ल्याचा भार उतरला. आणि काही संपले तर मधुभट म्हणे, वाढले.

तुमच्याआमच्या घरात हा शब्द नवा नाही. बांगडी वाढते, कुंकू वाढते, बरणीतले मीठ वाढते, आणि ऐकणारी मुकाट्याने वाटी घेऊन शेजारी जाते. पण राजाच्या घरात मीठ कधी वाढलेच नव्हते. मुदपाकखान्याची पायरी त्याने जन्मात पाहिली नव्हती. वाढले म्हणजे जास्त झाले, हा एकच अर्थ त्याला ठाऊक होता.

दर दसऱ्याला रानाची खबर दरबारात येई. एका दसऱ्याला मधुभट म्हणाला, "महाराज, यंदा माळावरचे काळवीट वाढले."

"उत्तम. मग शिकारही वाढवा," राजा म्हणाला.

पुढल्या दसऱ्याला मधुभट म्हणाला, "महाराज, डोहातली पाणमांजरे वाढली."

"मासे खाऊन टाकतील ती. कोळ्यांना सांगा, जाळ्यात घ्या. आमच्या टोपीला मऊ कातडेही हवेच आहे."

अशी खबर येत गेली आणि असे हुकूम जात गेले. पंगतीत काळविटाचे मांस वाढले, माळावर काळवीट वाढले, आणि राजाच्या समजुतीत तर ते फारच वाढले. एका शब्दात सगळ्यांची सोय झाली. काळविटाची सोय कुणी पाहिली नाही.

राजवाड्यामागे चित्तेखाना होता. शिकारीसाठी चित्ते साखळीला बांधून ठेवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून माळावर न्यायचे, आणि काळवीट दिसला की पट्टी सोडायची. पण साखळीला बांधलेला चित्ता पिले घालीत नाही. म्हणून दर हिवाळ्यात माळावरून नवे धरून आणायचे. असाच एकदा आईबरोबर एक छावा धरून आणला. सुवेला तेव्हा परकर सावरीत धावणारी पोर होती. तिने त्याचे नाव वाऱ्या ठेवले. उन्हात अंगणभर ती पुढे आणि वाऱ्या मागे, मग वाऱ्या पुढे आणि ती मागे. दमली की त्याच्या पोटाला टेकून बसायची आणि दोघांची मिळून एकच सावली फरशीवर पडायची.

पुढे एकदा सुवेला अंगणात आली तर वाऱ्या नव्हता. चित्तेवानाला विचारले तर तो खाली बघून म्हणाला, "बाईसाहेब, वाऱ्या वाढला."

तिला वाटले, मोठा झाला, आता खेळायला सोडत नसतील. ती रुसली, मग शहाणी झाली आणि विचारायची थांबली. त्या दसऱ्याला मधुभट दरबारात म्हणाला, "महाराज, चित्ते वाढले." राजा म्हणाला, "मग त्यांचे मांसही वाढवा." मांस वाढवले गेले. ते कुणाच्या पोटात गेले ते पुढे कळेल.

त्याच सुमारास देवराईतली जोगीण दरबारात आली. ही जोगीण रानाची राखण करी. झाडाला हात लावला तर झाडाचे वय सांगे, पाण्यात बघितले तर पाणी कुठे चालले ते सांगे. अंगावर राखेचे पट्टे, पायात काही नाही. ती म्हणाली, "राजा, रान संपत चालले. शिकार थांबव."

तो शब्द राजाच्या कानी पडू नये म्हणून दारातल्या चौघड्यावर तेवढ्यात टिपरी पडली. राजाने मधुभटाकडे पाहिले. मधुभट हात जोडून म्हणाला, "महाराज, जोगीण म्हणते, रान वाढत चालले."

राजा प्रसन्न झाला. "जोगिणीला साडीचोळी द्या. आणि जोगीणबाई, आमच्या घरालाही आशीर्वाद द्या."

जोगिणीने एकदा मधुभटाकडे पाहिले, एकदा राजाकडे पाहिले. मग ती म्हणाली, "राजा, जो शब्द तुला गोड लागतो तो तुझ्या घरी नांदो. माझ्या रानात जे जसे वाढले, तुझ्या घरातही ते तसेच वाढो."

दरबाराने टाळ्या वाजवल्या. साडीचोळी उंबऱ्यावर ठेवून जोगीण निघून गेली. तो शाप होता, हे एकट्या मधुभटाला कळले, आणि कळलेले बोलायचे नाही यासाठीच तर त्याला नेमले होते.

सुवेलाच्या वाढदिवसाला बायकांनी तिला ओवाळले. आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघता बघता पोर किती वाढली." निरांजन समोर होते, भिंतीवर साऱ्या बायकांच्या सावल्या हलत होत्या. सुवेलाची सावली भिंतीवर नव्हती.

मग शिंपीण माप घ्यायला आली. "बाईसाहेब वाढल्या, मागली चोळी आखूड झाली," ती म्हणाली, आणि सुवेलाच्या पायांतली चाल गेली. पाय होते, पण ते कुठे टाकायचे ते पायांना आठवेना. मग गाणे शिकवणारे बुवा आले. मुलीचे मन रमावे म्हणून म्हणाले, "बाईसाहेबांचा आवाज काय वाढला आहे." सुवेलाने तोंड उघडले आणि त्यातून वाराही निघाला नाही.

वैद्य आले, ज्योतिषी आले, कुणाची मात्रा चालेना. तीनदा तोच शब्द आला होता, तेवढे राजाच्या ध्यानी आले. त्याने दवंडी पिटवली की राज्यात कुणी 'वाढ' हा शब्द उच्चारू नये. मुदपाकखान्यात 'वाढू का' असे कुणाला विचारता येईना, म्हणून सारा राजवाडा अन्नापुढे उपाशी बसू लागला. पण मुलीच्या अंगात आता श्वासच तेवढा राहिला होता. चुकून कुणाच्या तोंडून तिच्याविषयी आणखी एकदा तो शब्द गेला, तर श्वासही जाणार, हे सगळ्यांना दिसत होते.

राजवाड्याच्या तटावर एक टिटवी येऊन बसे. टिटवीचे ओरडणे अशुभ, म्हणून पहारेकरी तिला दगड मारीत. त्या सकाळी राजा तटाशी उभा होता. पहारेकऱ्याने दगड उचलला.

टिटवी म्हणाली, "राजा, मला दगड मारून तुझी लेक चालू लागणार नाही."

"मग कशाने लागेल?" राजा म्हणाला.

"देवराईत चल. मुकुट ठेव, तलवार ठेव. ज्याने तुला गोड सांगितले त्याला बरोबर घे."

देवराईचे नाव ऐकताच राजाला जोगिणीचा 'वाढो' हा आशीर्वाद आठवला. त्याने मुकुट उतरवला, तलवार उतरवली, पाणमांजराच्या कातड्याची टोपी डोक्यावर ठेवली आणि मधुभटाला घेऊन तो पायी निघाला. टिटवी पुढे उडत होती.

देवराईत जोगीण झाडाच्या मुळीवर बसली होती. राजा म्हणाला, "जोगीण, तू माझ्या लेकीला शाप दिलास. तो मागे घे."

"मी तुझाच शब्द तुला दिला, राजा. मुलीचे जे गेले ते हवेत गेलेले नाही. ज्यांना तू वाढले म्हणालास, त्यांच्यापाशी ठेव म्हणून आहे. आवाज डोहातल्या पाणमांजराकडे आहे. चाल माळावरच्या लांडग्याकडे आहे. सावली चित्त्याकडे आहे. जा आणि मागून आण."

"देतील ती?"

"प्रत्येक जण तुला एकच विचारील, आम्ही कसे आहोत. खरे सांगितलेस तर देतील. तिन्ही ठेवींचा जाब दिलास की शाप उतरेल."

राजाला हायसे वाटले. एवढे तर त्याला पाठ होते.

नदीच्या वरच्या अंगाला खडकांत एक खोल डोह होता. राजाने हाक मारली. पाण्यावर बुडबुडे आले आणि मिशाळ तोंडाची एक मादी वर आली. तिच्या पाठीवर पिलू होते. तिने राजाच्या टोपीकडे पाहिले आणि पिलाला मागे सारले.

ती म्हणाली, "राजा, आम्ही कसे आहोत?"

"तुम्ही फार वाढला आहात," राजा म्हणाला. "मला दर दसऱ्याला सांगतात."

पाणमांजराने डोहात बुडी मारली. राजा हाका मारीत राहिला, डोह हलला नाही. मधुभट काठावर उपरणे सावरीत उभा होता.

दोघे दमले, भुकेजले. पलीकडे माळाच्या कडेला मेंढक्यांचा तळ होता. ठकूबाई नावाची धनगरीण तव्यावर भाकरी टाकीत होती. तिने या दोन अनोळखी वाटसरूंना घोंगडे टाकून दिले.

"बसा दादा. भाकर हाय, कोरड्यास हाय. मीठ तेवढं वाढलंय बगा."

तो शब्द ऐकून राजा दचकला. मग त्याने हात पुढे केला. "वाढले असेल तर चिमूटभर द्या."

ठकूबाईचा हात भाकरीवर थांबला. "कुटनं द्यू? वाढलंय म्हनलं न्हवं का."

"वाढले म्हणजे पुष्कळ आहे ना?"

"पुष्कळ कशाचं, दादा. संपलं. घरात संपलं म्हनू ने, म्हून वाढलं म्हनायचं. तुमच्या आईनं सांगितलं न्हाई व्हय?"

राजाने हातातला घास खाली ठेवला. त्याला एकामागून एक सगळे दसरे आठवू लागले. प्रत्येक दसऱ्याची खबर आठवली आणि प्रत्येक खबरीवर त्याने काय हुकूम दिला तेही आठवले.

"मधुभट," तो म्हणाला, "काळवीट वाढले म्हणजे काय?"

"महाराज, जे म्हणायची रीत आहे ते मी..."

"पाणमांजरे वाढली म्हणजे?"

मधुभटाने आपली भाकरी बाजूला सारली.

"हा अर्थ तुम्हाला ठाऊक होता?"

"महाराज, माझ्या घरीही मीठ वाढते," मधुभट म्हणाला. "मी कधी खोटे बोललो नाही. तुम्ही अर्थ विचारला नाहीत."

राजाला त्याचा गळा धरावासा वाटला. पण त्याला हेही कळत होते की गोड बोलायला माणूस त्यानेच ठेवला होता, आणि तो माणूस आपले काम चोख करीत होता. तो उठला, डोहाशी गेला. टोपी काढून त्याने खडकावर ठेवली.

पाणमांजर वर आले. "राजा, आम्ही कसे आहोत?"

"थोडे उरला आहात," राजा म्हणाला. "माझ्यामुळे थोडे उरला आहात."

पाणमांजराने खडकावरच्या टोपीला नाक लावले, बराच वेळ हुंगले. मग म्हणाले, "ही माझी बहीण." त्याने बुडी मारून तळातून एक शिंपला आणला आणि राजाच्या पायाशी टाकला. राजाने तो कानाला लावला. आत सुवेला गुणगुणत होती.

"टोपी इथेच राहू दे," पाणमांजर म्हणाले, आणि ती तोंडात धरून पाण्याखाली गेले.

आता लांडगा. ठकूबाईला विचारले तर तिने हाताने उगवतीकडे दाखवले. "त्या वगळीत असतोय. औंदा कोकरू नेलं माजं."

"मग तुम्ही त्याला मारले नाही?"

"माराया लई जन टपल्यात की. आमी शिव्या देतो आन् सोडतो. त्याचा वाटा व्हता त्यो. पर आता त्याला फिराया माळ कुटं ऱ्हायलाय? राजानं समदा पडीक म्हनून वाटून टाकला."

ते खरे होते. कारभाऱ्यांनी एकदा राजाला विचारले होते, माळाचे काय करावे, नुसते गवतच आहे. राजाने विचारले होते, कुणाच्या उपयोगाचा नाही ना. कारभारी म्हणाले होते, कुणाच्याच नाही. मग माळाला पडीक ठरवले आणि त्यावर कुंपणे घातली, बागा लावल्या, विटांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. राजाला त्या हिरव्या बागांचे फार कौतुक होते. माळाला झाड नसते म्हणून तो उजाड नसतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर मधुभटाने ते धुऊन दिले असते.

टिटवीने त्या वगळीवर, कोरड्या ओढ्याच्या घळीवर, घिरटी घातली. लांडगा दगडाच्या कपारीत बसला होता. त्याचा एक पाय लंगडा होता आणि बरगड्या दिसत होत्या. तो उठला नाही.

"राजा, आम्ही कसे आहोत?"

"थोडे उरला आहात," राजा म्हणाला.

"अर्धे उत्तर झाले."

राजाने मागे वळून पाहिले. जिथवर नजर जाईल तिथवर कुंपणे होती. गवताची एक पट्टी तेवढी या वगळीच्या काठाने राहिली होती. टिटवीने त्या पट्टीतल्या खड्यांत अंडी घातली होती आणि ती त्यांच्यावर उभी राहून त्यांना सावली देत होती.

राजा म्हणाला, "तुम्ही थोडे उरलात, आणि तुमचे घर तेवढेही उरले नाही. तुमच्या घराला मी पडीक म्हणालो."

"आता पुरे झाले," लांडगा म्हणाला. त्याने पंजा उचलला. खाली मातीत पावलाचा ठसा होता, माणसाच्या पोरीचा, नाजूक. "माती उचल. तिच्या तळव्यांना लाव. आम्ही रात्ररात्र चालतो, तिची चाल आम्ही नीट सांभाळली."

राजाने माती उपरण्यात बांधली. त्याला रडू येत होते आणि त्या लंगड्या जनावरापुढे रडायची त्याला लाज वाटत होती.

राहिला चित्ता. राजा म्हणाला, "टिटवे, चित्ता कुठे भेटेल?"

"मी तुला काय सांगू? त्याला तूच घरी नेलेस."

राजा झपाझपा राजधानीकडे निघाला. वाटेत त्याने मधुभटाला एकदाच विचारले, "चित्तेही मिठासारखेच वाढले का?" मधुभट म्हणाला, "महाराज, चित्तेखाना जवळ आला आहे." एवढ्या वाटचालीनंतरही त्याच्या जिभेला तो शब्द उचलवला नाही. राजाच्या मनात मात्र अजून आशा होती. मांस तर रोज जात होते. आजही सकाळी गेले असणार. कुणीतरी ते खात असणार.

चित्तेखान्यात खरोखरच मांस शिजत होते. चित्तेवान आणि त्याची माणसे चुलीभोवती बसून जेवत होती. राजाला पाहून साऱ्यांचे घास हातातच राहिले. मागे पिंजरे होते, त्यांची दारे सताड उघडी होती. एका पिंजऱ्यात साखळी पडली होती, आणि तिच्या टोकाला गळपट्टा होता. त्या गळपट्ट्याला सुवेलाने लहानपणी बांधलेली घुंगरे होती.

"चित्ता कुठे आहे?" राजाने विचारले.

चित्तेवान म्हणाला, "महाराज, माळावर कुठे मिळेना म्हणून पुढे धरून आणलाच नाही. वाऱ्या शेवटचा होता. तो गेल्यावर आम्ही वर कळवले."

"मग मांस का घेत राहिलात?"

"परत पाठवले असते तर कारण विचारले असते, महाराज. आणि ते कारण सांगायचा शब्द राजवाड्यात चालत नाही."

राजा पिंजऱ्यात शिरला. जमिनीवर बसला. तो वाट पाहत राहिला की कुणीतरी विचारील, राजा, आम्ही कसे आहोत. पाणमांजराने विचारले होते, लांडग्याने विचारले होते. इथे विचारायला कुणी नव्हते. उत्तर त्याला ठाऊक होते आणि ते घेणारा कुणी नव्हता. गजांतून ऊन आत येत होते आणि साखळीची सावली साखळीशेजारी पडली होती.

टिटवी गजावर येऊन बसली.

"टिटवे, मी आता कुणापाशी मागू?"

"कुणापाशी नाही. पण जाब द्यायचा राहिला आहे. जिथे बसून खोटे ऐकलेस, तिथे बसून खरे सांग."

"सिंहासनावर बसून तो शब्द उच्चारला तर राज्य बुडते."

"आणि नाही उच्चारलास तर लेक जाते. तूच बघ."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सुवेलाला पालखीतून आणून राजाच्या शेजारी बसवले. दासीने तिच्या तळव्यांना माती लावली, शिंपला तिच्या ओठांशी धरला. तरी ती हलली नाही, बोलली नाही. दोन्ही ठेवी दाराशी येऊन तिसरीसाठी थांबल्या होत्या.

राजा सिंहासनावर बसला. मधुभट सवयीने पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, जे सांगायचे ते मला सांगा, मी दरबाराला..."

"मधुभट, आज तुम्ही खाली बसा."

मग राजा बोलू लागला. "काळवीट थोडे उरले. पाणमांजरे थोडी उरली. लांडगे थोडे उरले आणि त्यांचा माळ त्याहून थोडा उरला. हे सगळे मला सांगितले गेले, आणि मी त्यावर खूश होऊन हुकूम दिले." त्याने लेकीकडे पाहिले. "चित्ता संपला."

दरबाराने माना वर केल्या. कुणी छताकडे पाहिले, कुणी खांबाला धरले. बुडणार ते राज्य कुठून बुडायला लागते ते पाहत सारे उभे राहिले. छत जागच्या जागी होते. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. राज्य बुडाले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दाला भिऊन जीभ आवरली, त्या शब्दात चूळ भरण्याइतकेही पाणी नव्हते. हे वाऱ्या जिवंत असताना कुणी बोलून पाहिले असते तर काय बिघडले असते? काहीच बिघडले नसते. आणि याच गोष्टीचा मला राग येतो.

सुवेला उठली. दोन पावले चालली. तिचा आवाज परत आला तो आधी खोकल्यासारखा, मग नीट.

"आबा," ती म्हणाली, "वाऱ्या वाढला म्हणजे काय झाले होते?"

राजाने तिचा हात धरला. "तो मेला, बाळ. मला तेव्हा कळले नाही."

"मला वाटले, तो मोठा झाला आणि मला विसरला. मी त्याच्यावर रुसले होते."

दाराशी जोगीण उभी होती. आज तिला कुणी अडवले नाही. राजा तिला म्हणाला, "जोगीण, हिची सावली अजून आली नाही."

"शाप उतरला, राजा. आता तुझ्या घरात ताट वाढले तर ताटच वाढले जाईल, आणि लेक वाढली तर लेकच वाढेल. पण सावली ज्याच्यापाशी गेली तो तिच्या आधीच गेलेला होता. नसलेल्याकडून मला काही आणता येत नाही." तिने राजापुढे हात केला नाही, आशीर्वादही दिला नाही. ती आली तशी गेली.

मग राज्याची घडी नीट बसली. शिकार बंद झाली. माळाचे पडीक हे नाव काढून टाकले, कुंपणे उपटली, गवत पुन्हा कमरेएवढे झाले. पाणमांजरांच्या डोहावर जाळे टाकायला बंदी आली. ठकूबाईला मिठाची गोण पोचली, तिने ती अर्धी वाटून टाकली. काळवीट हळूहळू दिसू लागले, आणि लंगड्या लांडग्याच्या वगळीत पिलांचे केकाटणे ऐकू आले. मधुभटाची नोकरी राहिली. दर दसऱ्याला भर दरबारात उभे राहून कोण किती उरले ते उघड्या शब्दांत सांगायचे, एवढेच काम त्याला दिले. ते सांगताना दर वेळी त्याचा घसा बसायचा.

कारभारी लोक मात्र कारभारीच. आपणही काही करावे म्हणून त्यांनी चित्त्याला पूर्ण अभय दिले. त्याचा ताम्रपट केला, माळाच्या तोंडाशी खांब उभारून त्यावर बसवला. चित्त्याला जो धरील, जो मारील, जो दगड भिरकावील, त्याला देहदंड. खांबाभोवती पहारा बसवला. राज्यातल्या कुठल्याच जनावराला एवढा मान मिळाला नाही. टिटवी त्या खांबावर बसून शिटते, आणि पहारेकरी आता तिला दगड मारीत नाहीत.

सुवेला मोठी झाली, पुढे गादीवर बसली. तिसऱ्या प्रहरी ती माळावर जाते. उन्हे कलली की तिथे सगळ्यांच्या सावल्या लांब होतात, गवताच्या काडीची होते, काळविटाच्या शिंगांची होते, टिटवीच्या काटकुळ्या पायांची होते. तिची होत नाही. एकदा परराज्यातला एक राजदूत बरोबर होता. त्याने भीत भीत विचारले, "राणीसाहेब, आपली सावली?"

"ती चित्त्याकडे राहिली."

"आणि चित्ता कुठे असतो?"

दूताच्या मागे मधुभट उभा होता, पार म्हातारा झालेला. जुन्या सवयीने त्याचे ओठ हलले. राणीने त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला.

"चित्ता संपला," राणी म्हणाली.

कहाणीच्या शेवटी काहीतरी शुभ बोलून उठायची आपली रीत आहे. ऐकणाऱ्याचे भले होवो म्हणावे, सांगणाऱ्याचे भरून वाहो म्हणावे. मी ते म्हणत नाही. कहाणी वाढली, असेही म्हणत नाही. कहाणी संपली.